गटनेते ‘गप्प बस’ म्हणतात तेव्हा

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर पहिल्यांदाच निवडून आले आहे. कचरा उचलण्याच्या ठेक्याला नवी निविदा न काढता पुन्हा मुदतवाढ देण्याचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. मी जुनी देयके मागवून पाहिली. माझ्या प्रभागात रोज जेवढे कामगार येतात त्याहून बरेच अधिक हजेरीपटावर दाखवलेले आहेत. आमचे गटनेते माझ्या वडिलांचे जुने स्नेही आहेत आणि मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, “पहिल्या वर्षी ऐकायचे असते, बोलायचे नसते. तू गप्प बस, विषय मंजूर होऊ दे, पुढच्या वर्षी तुला समितीचे सभापतिपद देऊ.” ऐकले नाही तर व्हीप (ठराविक मत देण्याचा पक्षाचा आदेश) काढावा लागेल, असेही त्यांनी सुचवले. माझ्या पतींचे हार्डवेअरचे दुकान असून नगरपरिषदेची कामे घेणारे काही ठेकेदार तेथून माल नेतात. मी सभागृहात बोलावे का? व्हीप मोडला तर पद जाईल का? आणि एकदा बंडखोर असा शिक्का बसला की राजकारणात कायमचे मागच्या बाकावर बसावे लागते का?
(नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मनाशी पक्के झाल्याशिवाय पहिल्या दोन प्रश्नांना हात घालण्यात अर्थ नाही. मागच्या बाकावर बसावे लागण्याची शक्यता बरीच आहे आणि ती गृहीत धरूनच तुम्ही निर्णय घ्यावा. स्वपक्षाच्या सत्तेला भर सभागृहात जाब विचारणाऱ्या सदस्याला त्याच सत्तेने पुढे आणून बसवले, असे क्वचित घडते. मात्र मागच्या बाकावर गेलेले राजकारण वाया गेले, असे जे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते, ते मला मान्य नाही. तुम्ही बारकाईने अभ्यासावी अशी एक कारकीर्द मी सुचवतो. ते गृहस्थ लोकसभेत सत्ताधारी पक्षाचे साधे सदस्य म्हणून आले, साधे सदस्य म्हणूनच गेले, आणि तरी त्यांनी एका उद्योगपतीला तुरुंगाची वाट दाखवली, एका अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यायला भाग पाडले आणि वृत्तपत्रांना एक कायदा मिळवून दिला. त्यांचे नाव फिरोज गांधी.

फिरोज गांधींचा जन्म १९१२ सालचा, मुंबईतला. वडिलांच्या निधनानंतर ते अलाहाबादला मावशीकडे वाढले, स्वातंत्र्यलढ्यात शिरले, १९४२ मध्ये इंदिरा नेहरूंशी त्यांचा विवाह झाला आणि १९५२ व १९५७ अशा दोन्ही निवडणुकांत ते रायबरेलीच्या भागातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत निवडून आले. माझ्या मते तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, पहिली तीन-साडेतीन वर्षे सभागृहात त्यांचा आवाज फारसा उमटलाच नाही. तुमचे काका म्हणतात त्या अर्थाने ते गप्प नव्हते, कारण त्या काळात ते कंपन्यांचे ताळेबंद वाचत होते आणि खासगी विमा कंपन्यांच्या कारभाराची माहिती गोळा करत होते. डिसेंबर १९५५ मध्ये ते बोलायला उभे राहिले तेव्हा रामकृष्ण दालमिया यांच्या समूहातील भारत इन्शुरन्स कंपनीत विमेदारांचा पैसा मालकाच्या इतर व्यवहारांकडे कसा वळवला गेला, हे त्यांनी आकड्यांसह सभागृहापुढे ठेवले. दालमिया यांना पुढे शिक्षा झाली. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा आकाशवाणीवरून केली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. राष्ट्रीयीकरणाचा विचार सरकारात आधीपासून चालू होता, त्यामुळे सगळे श्रेय एका भाषणाला देणे योग्य होणार नाही; परंतु त्या भाषणामुळे खासगी विमा कंपन्यांच्या बाजूने बोलणे अवघड झाले, एवढे निश्चित म्हणता येते.

या कथेचा खरा कस पुढच्या प्रकरणात लागतो. ज्या महामंडळाच्या निर्मितीला आपल्या भाषणाने बळ दिले, त्याच महामंडळावर दोन वर्षांच्या आत बोट ठेवण्याची वेळ त्यांच्यावर आली. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा या सट्टेबाज उद्योजकाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग (शेअर) विकत घेतले. त्यांत जेसॉप होती, आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास होती. खरेदी महामंडळाच्या गुंतवणूक समितीला डावलून झाली होती आणि मोजलेला भाव बाजारभावापेक्षा चढा होता. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी हा विषय लोकसभेत मांडला. मनात उठलेल्या बंडाने ही चर्चा उपस्थित करायला मला भाग पाडले आहे आणि एवढ्या मोठ्या गोष्टी घडत असताना मौन पाळणे हा गुन्हा ठरतो, अशा आशयाची त्यांची सुरुवातीची वाक्ये आजही उद्धृत केली जातात. पण ती वाक्ये पाठ करून थांबू नका, त्यांच्यानंतर काय आले ते पाहा. त्यानंतर आल्या त्या तारखा, त्या त्या दिवसांचे भाव, खरेदीचा क्रम आणि नियम कोठे मोडला गेला याचे दाखले. संसदेने स्वतः निर्माण केलेल्या सर्वांत बलाढ्य वित्तीय संस्थेवर संसदेने लक्ष ठेवले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती, आणि त्या भूमिकेला त्यांच्याच पक्षातला कोणीही उघडपणे चूक म्हणू शकत नव्हता.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने मुंबईत, लोकांच्या समक्ष सुनावणी घेतली, महिन्याभरात अहवाल दिला, आणि आपल्या खात्याच्या सचिवांनी केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांनाच घ्यावी लागते, असा निष्कर्ष काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. मुंद्रा यांना पुढे तुरुंगवास झाला.

तुम्ही म्हणाल की ते पंतप्रधानांचे जावई होते, त्यांना कोण हात लावणार होते? हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. त्या नात्याने त्यांना संरक्षण दिले असेल, पण सासरे पुढच्या बाकावर बसलेले असताना त्यांच्या विश्वासातल्या मंत्र्याविरुद्ध उभे राहणे घरच्या जेवणाच्या टेबलावर किती महाग पडत असेल, याचाही विचार करा. त्यांनी टाटांच्या टेल्को कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी केली, कारण ती रेल्वेला इंजिने देताना जपानी इंजिनांच्या जवळजवळ दुप्पट किंमत घेते असे त्यांचे म्हणणे होते. त्या मागणीने त्यांच्या स्वतःच्या पारशी समाजात नाराजी पसरली. १९५९ मध्ये केरळमधील निर्वाचित सरकार बरखास्त करण्याच्या प्रश्नावर तर त्यांचा विरोध ज्या काँग्रेस अध्यक्षांना होता त्या त्यांच्या पत्नीच होत्या. तुमच्या पत्रातले काका वाचताना मला हीच गोष्ट आठवली. जवळच्या माणसाविरुद्ध बोलण्याचे दुःख बंडखोराला चुकत नाही, मग तो जावई असो की मित्राची मुलगी.

या मार्गाची किंमत काय असते, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. राजीनामा दिलेले कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. त्यांना जाब विचारणारे फिरोज गांधी मात्र ८ सप्टेंबर १९६० रोजी, अठ्ठेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, हृदयविकाराने गेले. तुम्ही येत्या सभेत जिंकलात तरी हाच ठेकेदार दुसऱ्या नावाने परत येऊ शकतो आणि आज अडचणीत आलेला पदाधिकारी दोन वर्षांनी तुमच्याहून वरच्या खुर्चीवर बसलेला दिसू शकतो. तो दिवस पाहून ज्यांचा धीर सुटतो, ते या वाटेवर टिकत नाहीत.

आणि तरीही काय उरते ते ऐका. त्या काळी सभागृहात उच्चारलेली गोष्ट वृत्तपत्राने छापली तर त्याच्यावर खटला भरता येत असे. फिरोज गांधींनी खासगी सदस्याच्या नात्याने विधेयक आणले आणि संसदीय कामकाजाच्या प्रामाणिक वृत्तांकनाला संरक्षण देणारा कायदा १९५६ मध्ये संमत करून घेतला. स्वातंत्र्यानंतर आजवर खासगी सदस्यांची अवघी चौदा विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आहेत आणि १९७० नंतर एकही नाही, यावरून त्या कामाचे मोल कळावे. आणीबाणीत इंदिरा गांधींच्या सरकारने तो कायदा रद्द केला. १९७७ मध्ये जनता सरकारने तो पुन्हा आणला आणि पुढच्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ च्या रूपाने ते संरक्षण थेट राज्यघटनेत गेले, विधिमंडळांच्या कामकाजालाही लागू झाले. मंत्रिपद नसलेल्या एका सदस्याचे काम त्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी घटनेत पोहोचले. माझ्यापुढे कोणी सभापतिपद आणि असे काम यांतून निवड करायला सांगितली तर मी क्षणभरही थांबणार नाही.

आपल्याकडची उदाहरणेही जवळच आहेत. मी वर ज्यांचा उल्लेख केला ते चिंतामणराव देशमुख विम्याची घोषणा केली त्याच वर्षी, मुंबई महाराष्ट्राला नाकारण्याच्या निर्णयाविरुद्ध अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले. मोहन धारिया हे इंदिरा गांधींच्या सरकारात राज्यमंत्री होते; सरकारविरोधी आंदोलन चालवणाऱ्या जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करावीत असे जाहीरपणे म्हणाल्यामुळे मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. दोघेही महाड तालुक्यातल्या नाते या एकाच गावात जन्मलेले, हे मला नेहमी विलक्षण वाटते. धारिया १९७७ मध्ये पुण्यातून पुन्हा निवडून आले, केंद्रात वाणिज्यमंत्री झाले, आणि नंतर त्यांनी ‘वनराई’च्या कामाला स्वतःला वाहून घेतले. पद गेल्यावर करण्यासारखे काम ज्याच्याकडे असते, त्याला पदाची भीती दाखवता येत नाही.

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे टॅम डॅलिएल यांची कारकीर्द मात्र तुम्हाला दोन्ही बाजूंनी शिकवील. १९६२ पासून २००५ पर्यंत ते खासदार होते आणि कधीही मंत्री झाले नाहीत. २ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली आणि ३२३ माणसे मरण पावली. नौका ब्रिटनने जाहीर केलेल्या प्रतिबंधित क्षेत्राच्या बाहेर होती आणि त्या क्षेत्रापासून दूर जात होती, हे धरून डॅलिएल यांनी वर्षानुवर्षे प्रश्न विचारले. सरकारची उत्तरे एकमेकांशी जुळेनात. १९८४ मध्ये संरक्षण मंत्रालयातले अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांनी त्यांना कागदपत्रे पाठवली, अधिकाऱ्यावर गोपनीयतेच्या कायद्याखाली खटला झाला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले. हा झाला विरोधकांच्या सरकारला विचारलेला प्रश्न. पण त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या सरकारला विचारले होते की, स्कॉटलंडला स्वतंत्र विधिमंडळ दिल्यावर स्कॉटलंडच्या खासदाराने इंग्लंडच्या शाळा-इस्पितळांवर का मतदान करावे, जेव्हा इंग्लंडच्या खासदाराला स्कॉटलंडच्या शाळांवर मत देता येणार नाही? तो प्रश्न त्यांच्या मतदारसंघाच्या नावाने, ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ म्हणून ओळखला जातो. २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यावर उपाय म्हणून कामकाजाचे नियम बदलले आणि २०२१ मध्ये ते बदल मागे घेतले. म्हणजे प्रश्न अजून सुटलेला नाही.

त्यांची एक गोष्ट मात्र तुम्ही घेऊ नये. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना सभागृहात खोटारड्या म्हटल्याबद्दल त्यांना बाहेर काढले गेले, आणि असे बाहेर जाण्याचे प्रसंग त्यांच्यावर अनेकदा आले. त्यांच्या प्रश्नांनी सरकारला घाम फोडला, विशेषणांनी मात्र सरकारला प्रश्न टाळण्याची सोय करून दिली. सभेत ठेकेदाराला चोर किंवा नगराध्यक्षांना भागीदार म्हणू नका. हजेरीपटावर इतकी नावे आहेत, प्रत्यक्ष इतकी माणसे दिसतात, फरकाचा खुलासा प्रशासनाने करावा, एवढेच म्हणा. त्याहून कठोर वाक्य तुम्हाला सापडणार नाही.

येथे आणखी एक भेद सांगणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षे बहुतेक बंडे उमेदवारी नाकारल्यामुळे किंवा खुर्ची हुकल्यामुळे झाली, आणि त्यामुळे लोक प्रत्येक बंडामागे नाराजीच शोधतात. तुमच्या बोलण्यानंतर पहिला प्रश्न हाच येईल की, हिला काय हवे होते आणि ते मिळाले नाही? म्हणून काकांनी देऊ केलेले सभापतिपद तुम्ही सभेच्या आधीच नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत नाकारा. ते पद नंतर तुमच्या गुणांवर मिळाले तर जरूर घ्या; आज ते या विषयाला बांधलेले आहे.

आता कायदा. नगरपरिषदेच्या सदस्यांना महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता (म्हणजे अपात्रता) अधिनियम, १९८६ लागू होतो. त्याची घडण १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या, राज्यघटनेतील पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीसारखीच आहे. पक्षाच्या निर्देशाविरुद्ध, म्हणजेच व्हीपविरुद्ध, पूर्वपरवानगी न घेता मतदान केले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांच्या आत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. निर्णय जिल्हाधिकारी देतात. तेव्हा काकांनी दाखवलेली भीती पोकळ नाही. तटस्थ राहिले की सुटका होते, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. मात्र निर्देश मतदानाला बांधतो, बोलण्याला नाही. फिरोज गांधींनी मुंद्रा प्रकरणात जे केले ते सारे प्रश्न आणि भाषण यांच्या बळावर केले, आणि त्या दारावर आजचा पक्षांतरबंदी कायदाही कुलूप लावत नाही. एक सावधगिरी हवी. राजीनामा न देताही वागणुकीवरून पक्षसदस्यत्व स्वेच्छेने सोडले असा निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये म्हटले आहे. म्हणून या काळात विरोधी गटाच्या बैठकीला जाणे, त्यांच्यासोबत पत्रकार परिषदेत बसणे, त्यांच्या निवेदनावर सही करणे, हे सर्व कटाक्षाने टाळा. विरोधक तुमचे कौतुक करायला येतील. त्यांना नमस्कार करून पुढे जा.

तुमच्या पत्रातली हार्डवेअरच्या दुकानाची ओळ मी दोनदा वाचली. तुम्ही ती मोकळेपणाने लिहिलीत म्हणून सांगतो की, तुमच्या मार्गातला सर्वांत मोठा अडथळा व्हीपपेक्षा हे दुकान आहे. नगरपरिषदेच्या कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली अनर्हतेचे कारण होऊ शकते. ठेकेदाराने खुल्या दुकानातून सिमेंट किंवा पाइप विकत नेणे म्हणजे असा हितसंबंध झाला का, हे तपशिलावर ठरेल, आणि त्यासाठी नगरपरिषदांची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांना कागद दाखवून मत घ्या. पण कायद्याने तुम्ही सुटलात तरी सभागृहात उत्तर म्हणून तुमच्याच दुकानाच्या पावत्या फडकावल्या जातील. पतींशी बसून बोला. नगरपरिषदेची कामे घेणाऱ्यांना उधारीवर किंवा सवलतीने माल देणे आजपासून बंद करायचे, शक्य तर त्यांच्याशी व्यवहारच थांबवायचा, असा निर्णय तुम्हा दोघांचा झाला पाहिजे. उत्पन्न घटेल. ते सोसण्याची तयारी घरात नसेल तर तुम्ही या सभेत उठू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मग तुमच्यासोबत तुमचा विषयही बदनाम होईल आणि हजेरीपटावरची ती नावे कायमची सुरक्षित होतील.

तयारी असेल तर पुढचे काम कागदांचे आहे. हजेरीपट आणि तुमची नजर एवढ्यावर विषय उभा राहत नाही; “त्या दिवशी माणसे दुसऱ्या प्रभागात होती,” एवढे उत्तर पुरेसे होईल. देयकांसोबत ठेकेदाराने कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची चलने जोडलेली असायला हवीत. चलनावरची कामगारसंख्या आणि हजेरीपटावरची संख्या महिन्यागणिक शेजारीशेजारी मांडा. वजनकाट्याच्या पावत्या आणि घंटागाड्यांच्या फेऱ्यांची नोंदवही मागवा. मूळ करारात मुदतवाढीबद्दल कोणते कलम आहे, आधीच्या मुदतवाढीचा ठराव कोणत्या कारणाने झाला होता आणि स्थानिक निधी लेखापरीक्षणाच्या अहवालात या ठेक्यावर आक्षेप आहे का, हे तपासा. सफाई कामगारांशीही बोला, पण त्यांची नावे कोठेही घेऊ नका. तुमच्या धाडसाची किंमत रोजंदारीवरच्या माणसाने मोजू नये. हे सारे सभेपूर्वी पूर्ण होणार नसेल, तर सभेत विषय फेटाळण्याची मागणी करू नका, माहिती येईपर्यंत तो स्थगित ठेवण्याची मागणी करा. ती नाकारणे कोणालाही जड जाते.

काकांना हे कागद सभेच्या आधी दाखवा, घरी जाऊन, एकटीने. त्यांना भर सभेत पहिल्यांदा कळावे, हे मला योग्य वाटत नाही. ते वडिलांचे स्नेही आहेत हे एक कारण आहेच. शिवाय, विषय त्यांनी स्वतःहून मागे घेतला तर गावाचा पैसा वाचतो आणि तुम्हाला तेच हवे आहे. त्यांना कदाचित खरोखरच माहीत नसेल. गटनेत्यांपुढे येणारे कागद अनेकदा वरवर चाळले जातात. त्यांनी ऐकले नाही, तर तुमच्या मतदानाविषयी पक्षाकडे लेखी परवानगी मागा, कारणे देऊन, आणि पत्राची पोच घ्या. १९९२ मध्ये किहोटो होलोहन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दहावी अनुसूची वैध ठरवताना, असे निर्देश सरकारच्या बहुमताचा प्रश्न असेल किंवा पक्षाने ज्या धोरण-कार्यक्रमावर मते मागितली त्याचा प्रश्न असेल, अशाच वेळी दिले जावेत, असे सुचवले होते. कचऱ्याच्या ठेक्याची मुदतवाढ हा कोणत्या पक्षाचा कार्यक्रम आहे? तुमचे कारणांसह पत्र नोंदीत असताना या विषयावर लेखी व्हीप काढण्यापूर्वी नेते दोनदा विचार करतील.

तरीही तो निघाला, तर काय करावे? तुमचे कागद अजून अर्धे असतील, तर बोला, निवेदन लेखी देऊन ते इतिवृत्तात जसेच्या तसे घेण्याचा आग्रह धरा, आणि मत व्हीपप्रमाणे द्या. हे ऐकायला भ्याडपणाचे वाटेल, पण सदस्य आहात तोपर्यंतच पुढच्या महिन्याचा हजेरीपट मागण्याचा अधिकार तुमच्या हाती आहे, आणि अर्धवट पुराव्यासाठी तो गमावणे तुमच्या मतदारांनाही परवडणारे नाही. कागद पूर्ण असतील, चलने आणि हजेरीपट यांतला फरक तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभे राहून सिद्ध करू शकत असाल, तर मात्र त्या ठरावाच्या बाजूने हात वर करू नका. मग अनर्हतेची कारवाई झाली तर तिला तोंड द्या. पक्षाने कोणत्या विषयासाठी तुमचे पद मागितले, हे त्या सुनावणीत नोंदले जाईल.

ठराव मंजूर झाला तरी विषय तेथे संपत नाही. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तुमचा अर्ज इतिवृत्ताची साक्षांकित प्रत आणि तुलनेचा तक्ता यांसह त्यांच्याकडे ताबडतोब द्यावा लागेल, कारण वाढीव मुदतीचे पहिले देयक निघाल्यावर स्थगितीचा उपयोग निम्मा होतो. म्हणून अर्जाचा मसुदा वकिलांकडून सभेपूर्वीच तयार करून घ्या आणि ठराव क्रमांक व तारखेची जागा तेवढी मोकळी सोडा.